तीन गोळ्यांचा पुरावा

तीन गोळ्या जवळपास एकाच भोकातून गेल्या की माणूस आधी फोटो काढतो, मग पट्टी लावतो आणि मग वहीत त्या दारूच्या वजनाभोवती गोल करतो. जगभरच्या हँडलोडर लोकांच्या वह्यांत असे गोल असतात. त्यातले बरेचसे गोल नशिबाभोवती काढलेले असतात.

हँडलोडिंग म्हणजे काडतूस कारखान्यातून विकत न आणता स्वतः भरणं. कल्पना नवी नाही. घाटंजीकडच्या जुन्या माणसांच्या शिकारीच्या गोष्टींत ठासणीची बंदूक असते, ती म्हणजे शंभर टक्के हँडलोडिंगच. नळीत वरून दारू ओता, गोळी टाका, गजाने ठासा. नेम चुकला तर दोष दारूला द्यायचा की हाताला, हा वादही तेवढाच जुना. आधुनिक काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची केस, बुडाशी प्रायमर, आत पावडर आणि तोंडाशी बुलेट. अमेरिकेत आणि युरोपातल्या काही देशांत हौशी लोक या चारही वस्तू वेगवेगळ्या आणतात आणि टेबलावर काटा ठेवून पावडर मोजतात. मोजण्याचं एकक ‘ग्रेन’. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आणि मापं चालतात त्याच्याही दहाव्या हिश्शात.

त्यातही एक जमात आणखी पुढची, वाइल्डकॅटवाल्यांची. वाइल्डकॅट म्हणजे कोणताही कारखाना बनवत नाही असं काडतूस. एखादी तयार केस घ्यायची, तिची मान दाबून बारीक करायची, खांद्याचा कोन बदलायचा आणि त्यात लहान व्यासाची बुलेट बसवायची. यातली काही मांजरं पुढे पाळीव होतात. .२५० सॅव्हेजची मान आवळून हौशी लोकांनी केलेलं .२२-२५० कित्येक वर्षं वाइल्डकॅट होतं. १९६५ साली रेमिंग्टन कंपनीने ते आपल्या नावाने बाजारात आणलं. १९७५ च्या सुमारास लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल या दोघांनी ६ पीपीसी घडवलं. त्याची मूळ केस .२२० रशियनची, आणि तीही एके-४७ च्या काडतुसावरून आलेली. फवाऱ्यासारख्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीच्या वंशात जगातलं एक अत्यंत अचूक काडतूस जन्मलं, याची मला अजून गंमत वाटते.

आपल्याकडे हा छंद घरी करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि तसं असण्याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः कधी रायफल चालवलेली नाही. माझा संबंध आला तो आकड्यांमधून. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरचा माझा मित्र .२२ रायफलने ५० मीटरवर नेमबाजी करतो. .२२ चं काडतूस हँडलोड करण्यासारखं नसतंच, कारण त्याचा प्रायमर केसच्या कडेत, आतून पसरलेला असतो. त्यामुळे त्याच्या हातात एकच गोष्ट उरते: लॉट निवडणं. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट एकाच रायफलमधून वेगवेगळे चालतात. परदेशातले मोठे नेमबाज थेट कंपनीच्या चाचणी केंद्रात जातात, तिथे रायफल शिकंज्यात आवळून लॉटमागून लॉट तपासले जातात. म्हणजे वाइल्डकॅटवाला टेबलावर जे करतो, तेच हे लोक दुकानात करतात. दोघांचा प्रश्न एकच: यातलं चांगलं कोणतं, आणि ते मला खरंच कळलं का?

प्रश्न किती बारीक आहे ते बघा. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात, गोळी ०.८ मिलिमीटर बाजूला सरकली की ०.१ गुण जातो. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं, ते असेच दशांश जोडत जोडत. तिथे काडतुसानेच दोन मिलिमीटर दगा दिला तर उभं राहून, गुडघ्यावर बसून, आडवं पडून केलेली वर्षांची मेहनत काय करणार?

मित्राने मला तीन लॉटचे कागद पाठवले आणि विचारलं, “सांग बे, कोणता घेऊ?” मी पायथनमध्ये वीसेक ओळी लिहिल्या. समजा दहा वेगवेगळे लोड आहेत, पण खरं तर सगळे तंतोतंत सारखे आहेत. प्रत्येकाचं विखुरणं आडवं ५ मिलिमीटर, उभं ५ मिलिमीटर, म्हणजे प्रमाण विचलन तेवढं. आता प्रत्येकाच्या तीनच गोळ्या झाडा आणि सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा. सरासरी येते १२ मिलिमीटर. पण दहांतला सर्वांत लहान ग्रुप येतो ६ च्या आसपास आणि सर्वांत मोठा १९ च्या आसपास. फरक तिपटीचा, आणि खरा फरक शून्य! वाइल्डकॅटवाला याच ६ मिलिमीटरच्या कागदाचा फोटो काढतो आणि बाकीचे नऊ कागद कचऱ्यात टाकतो. त्याच लोडच्या दहा गोळ्या झाडल्या असत्या तर ग्रुप साधारण १९ मिलिमीटरचा आला असता, कारण गोळ्या वाढल्या की एखादी लांब जाणारच.

गोळीच्या वेगाचंही तसंच. लोक पाच गोळ्या झाडतात, यंत्र सांगतं की वेगाचं प्रमाण विचलन सेकंदाला १० फूट. पाच नमुन्यांवरून एवढंच म्हणता येतं की खरा आकडा ६ ते २९ च्या मध्ये कुठेतरी आहे. एवढ्यावर ‘पावडर ०.१ ग्रेनने वाढवली आणि लोड सुधारला’ असं म्हणणं म्हणजे दोन दिवस ढग बघून पावसाळ्याचा अंदाज सांगणं.

मग किती गोळ्या लागतात? इथे गणित दोन तोंडांनी बोलतं. एक लोड दुसऱ्यापेक्षा दुप्पट वाईट असेल, तर प्रत्येकी आठ-दहा गोळ्यांत ते बहुतेक वेळा कळतं. पण एक दुसऱ्यापेक्षा फक्त १० टक्क्यांनी चांगला असेल, तर नेहमीच्या सांख्यिकी निकषांनी प्रत्येकी साधारण साडेतीनशे गोळ्या लागतात. वाईट ओळखणं स्वस्त आहे, सर्वोत्तम निवडणं महाग आहे.

मी हे मित्राला सांगितल्यावर तो म्हणाला, “मग मी काय करू? कोणती चांगली हे कळायला सगळ्या पेट्या उडवून टाकू?” त्याचा मुद्दा बरोबर होता. परदेशी काडतुसं स्वस्त नाहीत, आणि तपासलेली गोळी परत मिळत नाही. लहान कॅलिबरच्या वेगवान वाइल्डकॅटमध्ये तर आणखी एक खर्च असतो. बारीक नळीतून भरपूर पावडरचा जाळ जातो आणि नळीचा गळा झिजतो. साडेतीनशे-साडेतीनशे गोळ्यांच्या चाचण्या करत बसलात, तर उत्तर मिळेपर्यंत ज्या नळीचं उत्तर हवं होतं ती नळीच जुनी झालेली असते. सत्य शोधण्याची किंमत त्याच वस्तूतून कापली जाते.

म्हणून आम्ही प्रश्नच बदलला. तीन लॉटपैकी एक उघड वाईट होता, तो बाद. उरलेल्या दोघांत फरक आहे की नाही हे आमच्या ऐपतीत कळणार नव्हतं. त्याने दोघांतला जास्त पेट्या मिळत होत्या तो घेतला आणि तपासणी थांबवली. उरलेल्या गोळ्या सरावाला. बेंचरेस्ट या खेळाने, ज्यात पीपीसीने दबदबा मिळवला, हे शहाणपण नियमातच घालून ठेवलंय. तिथे सर्वांत लहान ग्रुपला बक्षीस असतं, पण मुख्य निकाल पाच-पाच गोळ्यांच्या पाच ग्रुपच्या सरासरीवर लागतो. फोटो काढायला हरकत नाही, फक्त त्यावर अजिंक्यपद मिळत नाही.

पण हँडलोडरच्या वहीचं दुसरं एक पान आहे, आणि यवतमाळचा माणूस म्हणून माझं मन तिथेच अडकतं. वाइल्डकॅटसाठी छापील तक्ता नसतो. किती पावडर चालेल हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं. म्हणून शहाणा माणूस बराच खालून सुरू करतो, एका वेळी एकच गोष्ट बदलतो, आणि दाब वाढल्याची एक जरी खूण दिसली, बोल्ट उचलायला जड गेला, तरी थांबतो. तिथे तो साडेतीनशे नमुने मागत नाही. अचूकतेसाठी पुरावा भरपूर लागतो, धोक्यासाठी एकच खूण पुरते.

आमच्या वावरांत हे नेमकं उलटं चालतं. कोणाच्या तरी शेतात एका हंगामात एका मिश्रणाने पऱ्हाटी वाचली, की “त्याच्या वावरात जमलं ना” एवढ्या एका नमुन्यावर गावभर तेच मिश्रण पंपात पडतं. दोन-तीन कीटकनाशकं एकत्र, प्रमाण अंदाजाने, छापील तक्ता कुठेच नाही. आणि फवारताना डोळे चुरचुरले, मळमळलं, चक्कर आली, तर “होते तसं” म्हणून पुढचा पंप भरला जातो. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात पोचले आणि वीसच्या आसपास माणसं गेली. कारणं अनेक होती: उंच वाढलेली पऱ्हाटी, उघडं अंग, मास्कचा पत्ता नाही, विक्रेत्याच्या सल्ल्यावर केलेली मिश्रणं. मजुरी बुडेल म्हणून थांबता न येणं हेही त्यातलंच एक. ज्याच्याकडे थांबायची ऐपत नाही, त्याला खूण दिसूनही उपयोग नसतो.

बंदुकीच्या छंदाची आणि या मरणांची बरोबरी मी करत नाही. एकीकडे शनिवारची हौस आहे, दुसरीकडे पोट. पण पुराव्याचा हिशोब दोन्हीकडे एकच आहे, आणि तो मला कॉलेजच्या सांख्यिकीच्या पेपरपेक्षा लक्ष्याच्या कागदावर जास्त स्पष्ट दिसला. तुमच्याकडे कोणी ‘हे जबरदस्त चालतं’ म्हणून स्क्रीनशॉट पाठवला, तो रायफलच्या लोडचा असो, बियाण्याचा असो, नाहीतर शेअर बाजाराचा, तर दोनच प्रश्न विचारा. किती वेळा करून बघितलं? आणि उरलेले नऊ कागद कुठे आहेत?