पायरीखालचा वीर

म्हैसूरला बदली होऊन आल्यापासून कचेरी सुटल्यावर ग्रंथालयात तासभर बसण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे. मराठी पुस्तक क्वचितच हाती लागते. म्हणून जे लागेल ते वाचतो. अशाच एका संध्याकाळी व्हायकिंगांचा इतिहास हाती आला. इ. स. ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर तुटून पडलेले दर्यावर्दी लुटारू एवढीच त्यांची आम्हांस ओळख होती. त्यांच्या मरणाविषयीच्या श्रद्धा वाचून मात्र आम्ही थबकलो. रणात पडलेल्यांतून व्हॅल्किरी नामक देवकन्या वीर निवडतात व ओडिनाच्या महाली नेतात. तेथे दिवसा युद्ध, रात्री मेजवानी. रोगाने वा वार्धक्याने मरणारा हेलच्या अंधाऱ्या राज्यात जातो. आम्हां कारकुनांची रवानगी कोठे व्हायची, ते सांगणे नकोच!

वाचता वाचता वाटले, हे तर आपण पाहिले आहे. वीरगळाच्या तळच्या कप्प्यात झुंज, त्यावर वीरास उचलून नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या रांगांसह गलबतेही कोरली आहेत. तेराव्या शतकातील शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या संघर्षाशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात.

आमच्या कऱ्हाड तालुक्यातील घरासमोरही असा एक दगड होता. तळाशी झुंज, बाजूस गाय. म्हणजे गुरे सोडविताना पडलेला कोणीतरी. वडील दर अमावास्येस त्यापुढे नारळ फोडीत. हा कोण, असे विचारले तर म्हणत, "आपला राखणदार." नाव त्यांसही ठाऊक नव्हते; आपल्याकडील बहुतेक वीरगळांवर लेखच नसतो. वडील गेल्यावर घराची डागडुजी निघाली. दगड सपाट आहे, पालथा घालून पायरी करू का, असे गवंड्याने विचारले. आम्ही रजेवर होतो, परतीची गाडी गाठावयाची होती. एखाद्या फायलीवर लिहावे तसे 'करा' म्हणून मोकळे झालो.

स्वीडनमधील रून-शिळांवर मृताचे नाव कोरलेले असते. कन्नड मुलखातही वीरगल्लूंवर पुष्कळदा लेख असतो. म्हैसूरहून बंगळूरला जाताना मद्दूर लागते. त्याच तालुक्यातील आतकूरचा दगड आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. इ. स. ९४९ च्या तक्कोलमच्या लढाईत पराक्रम केलेल्या मणलेराने गंग राजा बूतुगाकडून बक्षीस म्हणून 'काळी' नावाचा कुत्रा मागून घेतला. पुढे तो रानडुकराशी झुंजून मेला, डुक्करही मेले. त्या कुत्र्यासाठी दगड उभारला, जमीन दिली, आणि त्याची पूजा केल्यावाचून जेवणाऱ्या पुजाऱ्यास पाप लागेल असे कोरून ठेवले. हजार वर्षे कुत्र्याचे नाव टिकले. आणि आमच्या राखणदाराच्या पाठीवर आम्ही चपला काढीत होतो.

त्या रात्री धाकट्या भावास पत्र लिहिले. पायरी उकरा, दगड पूर्वीच्या जागी उभा करा. पंधरा दिवसांनी उत्तर आले :

"दादा, दगड काढला. सिमेंट घट्ट बसले होते. पहार लागून झुंजीचा कप्पा फुटला. गाय शाबूत आहे. अमावास्येस नारळ फोडला. पायरीला आता दुसरा दगड आणावा लागेल, तेवढे पैसे धाडा."

पैसे त्याच दिवशी धाडले.