बेट एक, किनारे दोन

पॅरिस किंवा लियाँ सोडून मॉरिशसला राहायला जाणारा फ्रेंच माणूस स्वतःला 'एक्स्पात्रिए' म्हणवतो. शब्दाची फोड केली तर 'पितृभूमीबाहेरचा' एवढाच अर्थ हाती लागतो. पण व्यवहारात त्या शब्दाला प्रतिष्ठा आहे, आणि आपण होऊन निघाल्याचा, वाटेल तेव्हा परतता येण्याचा एक दिलासाही. याच बेटावर १८३४ पासून कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून जे मजूर उतरले, तेही पितृभूमीबाहेरचेच होते. त्यांना मात्र मळेवाल्यांच्या तोंडी 'कुली' आणि सरकारी दप्तरात 'इमिग्रंट' हे शब्द मिळाले. एकाच बेटावर उतरणाऱ्या माणसांसाठी वेगवेगळे शब्द का लागावेत, या प्रश्नाने आम्हां दोघांना बरेच दिवस गुंतवून ठेवले आहे. आम्ही मराठीचे अध्यापक, एम.ए.च्या वर्गाला प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवतो. फ्रेंचांच्या देशांतराशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध आमच्या वर्गातच निघाला.

फ्रेंच माणसाला मॉरिशस का आवडावे, हे समजणे अवघड नाही. हिवाळा नाही, आणि घड्याळातला फरक ऋतुमानाप्रमाणे दोन-तीन तासांचाच. मुख्य म्हणजे, देश परका असला तरी भाषा परकी नाही. १७१५ ते १८१० या काळात हे बेट फ्रेंचांकडे होते. इंग्रजांनी ते घेतले तेव्हा शरणागतीच्या अटींनुसार तिथल्या वसाहतवाल्यांची भाषा, कायदे, रीतिरिवाज आणि मालमत्ता अबाधित राहिली. म्हणून आज पोर्ट लुईला उतरणाऱ्या फ्रेंच कुटुंबाला फ्रेंच वर्तमानपत्र मिळते आणि बाजारात फ्रेंचमधून निभावून जाते, जरी घराघरांतली भाषा क्रेओल असली तरी. सुमारे दोनशे किलोमीटरवरचे रेयुनियाँ बेट १९४६ पासून फ्रान्सचाच एक प्रांत आहे. तिथे जाणारा फ्रेंच नागरिक कायद्याने देशाबाहेर जातच नाही. तरीही रेयुनियाँचे लोक त्याला 'झोरेय' म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी फ्रेंचमधला 'कान' आहे, आणि क्रेओल समजेना म्हणून कानाशी हात नेणारा तो 'झोरेय', अशी त्याची एक व्युत्पत्ती सांगितली जाते. कायदा ज्याला घरचा मानतो त्याला भाषा पाहुणा ठरवते, हे आम्हां भाषेच्या मास्तरांना फार मोलाचे वाटते.

या बेटाचे 'नंदनवन' झाले ते एका फ्रेंच प्रवाशामुळे. बेर्नार्दँ द सँ-पिएर हा अभियंता म्हणून १७६८ मध्ये तिथे गेला आणि १७७० मध्ये तिथून निघाला. १७७३ च्या त्याच्या प्रवासवर्णनात गुलामांच्या छळाची वर्णने आहेत आणि ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. पुढे १७८८ मध्ये त्याची 'पॉल आणि व्हर्जिनी' ही कादंबरी आली, आणि निसर्गाच्या कुशीत वाढणाऱ्या दोन निष्पाप मुलांची ही कथा युरोपभर गाजली. लोकांच्या मनात बेट राहिले ते या दुसऱ्या पुस्तकातले. पण कादंबरी सावकाश वाचली तर दिसते, की त्या निष्पाप संसारातही दोमँग आणि मारी हे दोन गुलाम राबत आहेत. जमीन कसणारा दोमँगच आहे. एका प्रसंगी पळून आलेल्या गुलाम स्त्रीला ही दोन कनवाळू मुले तिच्या धन्याकडे परत घेऊन जातात आणि तिच्यासाठी क्षमा मागतात. धनी 'हो' म्हणतो, आणि मुलांची पाठ वळल्यावर तिला शिक्षा करतो. मुलांच्या करुणेत खोट नाही. बेटावर तिचे काही चालत नाही, इतकेच. नंदनवनाची मर्यादा लेखकाने पाहिली होती आणि लिहूनही ठेवली होती. वाचकांनी तेवढे पान उलटले.

गुलामगिरी १८३५ मध्ये कायद्याने संपली, पण ऊस संपला नाही. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाजातून छत्तीस मजूर उतरले होते. १९२० पर्यंत हा आकडा पाच लाखांच्या जवळ गेला. बंदरावरच्या ज्या पायऱ्या ही माणसे चढली, तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नोंदवहीत नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव. इंग्रजी 'अॅग्रीमेंट'चे मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडायचे हत्यार. दोन शब्दांचे कूळ वेगळे, पण कानाला ते जुळे भासतात. आजच्या श्रीमंत परदेशस्थालाही बेटावर पाऊल रोवण्यासाठी मोल मोजावे लागते. ठरावीक प्रकल्पांतले घर विकत घेणाऱ्याला तिथे निवासाचा परवाना मिळतो, आणि त्यासाठीची किमान किंमत २०२० मध्ये पाच लाखांवरून पावणेचार लाख डॉलरांवर आणली गेली. त्याने डॉलर मोजायचे. गिरमिटियाने आयुष्याची वर्षे मोजली.

हे दोन किनारे एकाच पुस्तकात आणले ते ल क्लेझिओ यांनी. नीसमध्ये १९४० साली जन्मलेले आणि २००८ चे नोबेल मिळवणारे हे लेखक मूळ मॉरिशसच्या घराण्यातले. त्यांची 'ला कारांतेन' ही १९९५ ची कादंबरी १८९१ मध्ये घडते. झाक आणि लेओं हे भाऊ फ्रान्सहून आपल्या मॉरिशसला परतत असतात. जहाजावर देवीची साथ लागते आणि सर्वांना मॉरिशसच्या उत्तरेच्या 'सपाट बेटा'वर विलगीकरणात ठेवले जाते. एका बाजूला युरोपीय प्रवासी, दुसऱ्या बाजूला हिंदी मजूर. रोग दोन्हीकडे तोच आहे. तरी युरोपीयांतले काही जण मधे सीमा आखतात आणि संचारबंदी लावतात. लेओं ती सीमा ओलांडतो, सूर्यावतीच्या प्रेमात पडतो आणि तिच्याबरोबर निघून जातो. गंमत अशी, की सूर्यावतीची आई अनंता ही जन्माने इंग्रज. १८५७ च्या कानपूरच्या कत्तलीतून गिरीबाला नावाच्या बाईने उचलून वाचवलेली मूल. म्हणजे ज्या सीमेसाठी एवढा आटापिटा, ती रक्ताच्या हिशेबाने केव्हाच पुसली गेली आहे. कानपूर म्हटले की आपल्याला नानासाहेब आठवतात. त्या धुमश्चक्रीतली एक अनाथ पोर उसाच्या बेटावर हिंदी मजुरीण म्हणून पोचते, ही कल्पना मराठी वाचकाला जरा जास्तच आतपर्यंत लागते. पुढच्या पिढीतला निवेदक हरवलेल्या लेओंचा माग काढू पाहतो, पण घराण्याच्या आठवणीत त्याची जागा रिकामीच राहते. ज्याने शब्द बदलला, त्याला इतिहासाने वगळले.

त्या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेली आपली माणसेही होती. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते, शाळांतून मराठी शिकवली जाते, आणि कोकणातल्या जाखडीचे नाते सांगणारी 'झाकरी' तिथे नाचली जाते. घरी बोलतात ते मात्र क्रेओल. आपल्या अभ्यासक्रमातल्या प्रवासवर्णनांत मात्र ही माणसे लेखक म्हणून भेटत नाहीत. पाहायला गेलेल्याने लिहिले. राबायला गेलेल्याचे नाव नोंदवहीत राहिले.

इथे प्रश्न आमच्या वर्गात येतो. आम्ही मुलांना विचारले, तुमच्या घरातून कोण बाहेरदेशी गेले आणि घरात त्याविषयी कसे बोलतात? उत्तरांतून एक नियम आपोआप पुढे आला. अमेरिकेत संगणकाचे काम करणारा 'तिकडे स्थायिक झाला'. आखातात वीस वर्षे गवंडीकाम करणारा 'कामाला गेलाय'. वीस वर्षांनंतरही 'गेलाय'. फ्रेंचांच्या शब्दाला नावे ठेवणे सोपे होते. तीच सीमा आपल्या स्वयंपाकघरातल्या क्रियापदांत आखलेली आहे.

यावर एका विद्यार्थिनीने कुवेतमधल्या आपल्या काकांवर आठ पानांचे टिपण लिहिले. काकांनी फोनवर सांगितलेले तिने त्यांच्याच बोलीत उतरवले आहे: खोलीत किती माणसे, शुक्रवारी काय रांधतात, पहाटेची गाडी कुठून सुटते. स्थळवर्णन जवळजवळ नाही, कारण काकांना ते शहर पाहायला सवडच झालेली नाही. हे प्रवासवर्णन मानावे का? आम्हां दोघांतल्या एकाचे मत, की पाहणाऱ्याची नजर नाही तिथे हा वाङ्मयप्रकार नाही. याला आत्मकथन म्हणावे. दुसऱ्याचे म्हणणे, की पाहायला सवड न मिळणे हाच त्या प्रवासाचा मजकूर आहे, आणि व्याख्या त्याला सामावत नसेल तर व्याख्याच थोडी सरकायला हवी. टिपण अजून आमच्या टेबलावर आहे. गुण द्यायचे आहेत, आणि कोणत्या सदराखाली द्यायचे यावर आमचा वाद चालू आहे.