घोषणा आणि साक्ष



हुबळी-धारवाड रस्त्यावर रिक्षांच्या पाठी वाचत गेले की आपल्या गावाची श्रद्धा दिसते. एका रिक्षावर सिद्धारूढ स्वामी, दुसऱ्यावर ७८६, तिसऱ्यावर ‘येशू तुमच्यावर प्रीती करतो’. ते वाक्य खरेच आहे. त्यावर तर आपला जीव टांगलेला आहे. पण खरे वाक्यही फार वापरले की गुळगुळीत होते. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना विचारले, “‘प्रेझ द लॉर्ड’ म्हणजे काय?” एक मुलगा चटकन म्हणाला, “टीचर, माईक हातात आला की म्हणायचं ते.” सगळे हसले, पण त्याने पाहिले तेच सांगितले होते.

गुळगुळीत वाक्याने रिक्षावर कोणाचे काही बिघडत नाही. दुःखी माणसासमोर मात्र ते टोचते. आमच्यातल्या एका बाईचा मुलगा महिनाभर इस्पितळात होता. भेटायला येणारे म्हणत, “विश्वास ठेव, सगळं ठीक होईल.” नाही झाले. मग तेच लोक म्हणाले, “देवाची इच्छा.” नंतर ती मला म्हणाली, “अक्का, माझा विश्वास कमी पडला म्हणून तो गेला का?” आपल्या एका ठरीव वाक्याने त्या आईवर केवढे ओझे टाकले होते!

त्याच महिन्यात एक म्हातारी शेजारीण रोज संध्याकाळी ज्वारीची भाकरी घेऊन जायची आणि म्हणायची, “तू झोप, मी बसते.” पलीकडच्या खाटेवरच्या बाईने कानडीत विचारले, “तुम्ही यांच्या कोण?” म्हातारी म्हणाली, “नात्याची नाही. आम्ही येशूची माणसं.” रात्रभर जागलेल्या माणसाच्या तोंडी ते वाक्य घोषणा वाटले नाही.

याकोबाच्या पत्रात (२:१५-१६) हेच आहे. उपाशी, उघड्या भावाला नुसते ‘सुखाने जा’ म्हणून काय उपयोग, असे तो विचारतो.

म्हणजे चौघांत बोलूच नये का? तसे नाही. पेत्र सांगतो (१ पेत्र ३:१५), आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. विचारावेसे वाटेल असे आधी जगावे लागते, आणि उत्तर समोरच्याच्या भाषेत द्यावे लागते. धारवाडच्या कॉलेजला ज्यांचे नाव आहे त्या फर्डिनांड किटेल यांनी कानडी शिकण्यात हयात घालवली. त्यांचा कानडी-इंग्रजी शब्दकोश १८९४ मध्ये निघाला. शेजाऱ्याचा एकेक शब्द एवढ्या आदराने वेचणे हीही साक्षच.

आपल्या मराठीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हेच केले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी ख्रिस्ताचे गीत अभंगात, ओवीत गायले. वारकऱ्याच्या कानाला ते परके वाटू नये. पण त्यांची सर्वांत अवघड साक्ष घरातच होती. लक्ष्मीबाईंना तो धर्म पटला नव्हता, आणि पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या त्याही आपले सोवळे सांभाळतच. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःला पटल्यावर. एवढी वर्षे थांबण्याची तयारी कोणत्याही घोषणेत नसते.

यंदा ठरलेले वाक्य ओठांवर आले की क्षणभर थांबू या. यापुढे मी काय करणार आहे, एवढेच स्वतःला विचारू या. उत्तर सापडले तर वाक्य खुशाल बोलावे. न सापडले तर गप्प राहून शेजारी बसावे. ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस असेच त्याच्याजवळ बसले होते. बिघडले ते त्यांनी तोंड उघडल्यावर.

प्रभू येशू, तुझे नाव आमच्या ओठांवर स्वस्त होऊ देऊ नकोस. बोलावे तिथे धैर्य दे, आणि बसावे तिथे बसायला वेळ दे. आमेन.