कान उघडे ठेवून

रात्रीची भांडी आवरली, ओटा पुसला, सासूबाईंना गोळ्या दिल्या की माझा स्वतःचा असा एक तास सुरू होतो. गेली तीस वर्षे हा तास मी गाण्याला दिला आहे. आधी टेपरेकॉर्डरवर, मग सीडीवर आणि आता मोबाइलवर. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात रात्री मोठ्याने गाणे लावायची सोय नाही. ह्यांना सकाळची लोकल गाठायची असते आणि सासूबाईंची झोप सावध. म्हणून दोन वर्षांपूर्वी मुलाने वाढदिवसाला कान पूर्ण झाकणारा, बाहेरचे आवाज बंद करणारा हेडफोन आणून दिला. तो कानावर चढवला की पंख्याची घरघर नाही, शेजारचा टीव्ही नाही, काही नाही! मला वाटले, इतक्या वर्षांनी मला माझी स्वतंत्र खोलीच मिळाली.

आणि तेच नडले. एका रात्री सासूबाई बाथरूमला जायला उठल्या. त्यांनी मला हाक मारली. मी जेमतेम दहा फुटांवर खुर्चीत डोळे मिटून बसले होते. पुन्हा हाक मारली. शेवटी त्या भिंत धरून एकट्याच निघाल्या आणि उंबऱ्याशी पडल्या. जमिनीला हादरा बसला तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

मनगटाचे हाड मोडले होते. रिक्षात त्या एवढेच म्हणाल्या, "मी तीनदा हाक मारली गं." त्यात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागले. घरी आल्यावर हेडफोन कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेला आणि माझा तासही त्याच्याबरोबर गेला.

सहा महिने गेले. हात बरा झाला, पण मी गाण्याचे नाव काढले नाही. सुट्टीत मुलगा आला तेव्हा त्याच्या ते लक्षात आले. "आई, हेडफोनचा दोष नाही, जात चुकली," तो म्हणाला. "तुला उघड्या पाठीचा हवा."

त्याने समजावून सांगितले ते असे. नेहमीच्या हेडफोनची बाहेरची बाजू बंद असते. उघड्या पाठीच्या हेडफोनला तिथे जाळी असते. आत जो पातळ पडदा थरथरतो, त्याचा आवाज कानाकडे येतो तसा मागूनही मोकळा सुटतो, डबीत कोंडून घुमत नाही. त्यामुळे गाणे डोक्याच्या आत न वाजता थोडे बाहेर, समोर बसून कोणी गात असावे तसे वाटते. मात्र त्याच जाळीतून बाहेरचे आवाज आत येतात आणि आपले गाणे बाहेर जाते.

"आवाज बाहेर जाणार असेल तर हेडफोन कशाला? रेडिओच लावते की!" मी म्हटले.

"आधी ऐकून तर बघ," तो म्हणाला.

ही काही आजची नवलाई नाही. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ साली एचडी ४१४ नावाचा हेडफोन बाजारात आणला, तो उघड्या पाठीचाच होता. त्याच्या पिवळ्या स्पंजच्या गाद्या प्रसिद्ध आहेत. आज या प्रकारात दोन हजारांपासून लाखापर्यंत काहीही मिळते. आम्ही ठरवले की दहा ते वीस हजारांच्या मधले बघायचे. आमच्या घरात ही रक्कम लहान नाही. एवढ्यात चांगले वॉशिंग मशीन येते, हे मी मुलाला ऐकवलेही. म्हणूनच घाई करायची नाही, असे ठरले. मुंबईतल्या एका दुकानात बसून ऐकायची सोय होती, तिथे दोन हेडफोन ऐकले. तिसरा मुलाच्या मित्राने चार दिवसांसाठी घरी दिला.

दुकानात जाताना मी एका कागदावर ओळखीची गाणी लिहून नेली होती. नवे गाणे ऐकून हेडफोन कळत नाही. जे शेकडो वेळा ऐकले आहे, त्यातच फरक कळतो. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांचे १९६७ सालचे 'कॉल ऑफ द व्हॅली' मी पहिले लावले. संतूर, बासरी आणि गिटार कुठे कुठे बसले आहेत, हे डोळे मिटून बोटाने दाखवता यायला हवे. मग एक ख्याल लावला. त्यात मी गायकाआधी तानपुरा ऐकते. तारा एकमेकींत मिसळूनही वेगळ्या ओळखू येतात का? डग्ग्याची घुमार नुसती धप्प वाजते, की तळहात सरकल्यावर वरखाली होणारा सूरही कळतो? शेवटी एक जुने मराठी भावगीत. तेथे आवाजातला श्वास ऐकू यावा, पण 'स' आणि 'श' कानाला टोचू नयेत.

पहिल्या हेडफोनमध्ये सगळे लखलखीत होते, पण अर्ध्या तासात कान शिणले. दुसरा गोड होता, मात्र डग्गा पार विरघळून गेला होता. उघड्या पाठीमुळे खालचे सूर थोडे सुटतातच, पण इतके सुटून चालणार नाही. तिसरा, घरी आलेला, मध्यम होता. पहिल्या दिवशी तो मला साधाच वाटला. चौथ्या दिवशी मात्र लक्षात आले की मी हेडफोन ऐकायचे विसरून गाणेच ऐकत होते. माझ्या मते हीच खरी परीक्षा!

मुलाने आणखी एक गोष्ट शिकवली. दोन हेडफोन पारखताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा. थोडा मोठा वाजणारा नेहमीच जास्त चांगला वाटतो, आणि तिथेच आपण फसतो.

काही गोष्टी मात्र पुरुषांच्या लक्षात येत नाहीत, त्या मी तपासल्या. कानातल्या कुड्या दाबल्या जातात का? चश्म्याच्या काड्या रुततात का? वरची पट्टी अंबाड्यावर अडते का? वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास असेल तर तासभर मानेला जाणवत नाही. कानाच्या गाद्या आणि वायर बदलून मिळतात का, हेही विचारले. वस्तू दहा वर्षे वापरायची तर ते हवेच. आणि मे महिन्यात बंद हेडफोनखाली कान घामाने भिजतात, तसे जाळीच्या हेडफोनमध्ये फारसे होत नाही, हा मोठाच लाभ.

एक अडचण आधी माहीत असलेली बरी. हेडफोनवर ओहममध्ये एक आकडा दिलेला असतो. सर्वसाधारणपणे तो बत्तीसच्या आसपास असला तर मोबाइलला झेपतो. काही हेडफोन तीनशे ओहमचे असतात, ते मोबाइलवर दबल्यासारखे वाजू शकतात. त्यांना वेगळा अँप्लिफायर जोडावा लागतो, म्हणजे पुन्हा खर्च. शिवाय आजच्या बऱ्याच मोबाइलना वायर लावायचे भोकच नसते. त्यासाठी बोटाएवढा एक जोड विकत घ्यावा लागतो. तोही हिशेबात धरावा.

पण माझी खरी परीक्षा अजून व्हायची होती. हेडफोन घरी होता त्या दिवसांत एका रात्री मी तो कानावर चढवून नेहमीच्या खुर्चीत बसले. ह्यांना म्हटले, "तुम्ही आतून मला हाक मारा, ऐकू येते का बघते."

तेवढ्यात सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "तो कशाला? हाक मी मारणार. तू गाणं लाव."

मी गाणे लावले. ख्याल संथ चालला होता, तेव्हा त्यांची हाक स्वच्छ ऐकू आली. मी हात वर केला. पुढे द्रुत लय आली, ताना सुरू झाल्या, मी सवयीने आवाज वाढवला. काही वेळाने डोळे उघडून पाहते तर ह्यांचा चेहरा पडलेला. त्यांनी दोन बोटे दाखवली. दोन हाका मी ऐकल्याच नव्हत्या.

माझ्या पोटात धस्स झाले. म्हणजे जाळी असून उपयोग काय? सासूबाई मात्र शांत होत्या. म्हणाल्या, "अगं, आवाज कमी कर आणि पुन्हा बघ. मला काही घाई नाही."

एकेक पायरी आवाज उतरवत आम्ही ती सीमा शोधली, जिथे तान भरात असतानाही त्यांची हळू हाक मला कळेल. मोबाइलच्या पट्टीवर ती अर्ध्याच्याही खाली होती. तीच माझी मर्यादा ठरली. कानांच्या दृष्टीनेही ते बरेच झाले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानते. आवाज वाढला की हे तास भराभर घटतात. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये पंख्याशी स्पर्धा करत आवाज वाढवायचा मोह होतो, तो आवरायला हवा.

आवाज बाहेर किती जातो, तेही पाहिले. हातभर अंतरावर सूर ओळखता येतो. पलंगापर्यंत बारीकसा पोहोचतो. आतल्या खोलीत, दार लोटल्यावर, काहीच नाही. लोकलमध्ये किंवा कचेरीत हा हेडफोन कामाचा नाही. तो घरातलाच.

आम्ही तो घेतला. माझा तास परत आला, तरी मनात एक खुटखुट होती. तो बारीक आवाज सासूबाईंना त्रास देत असेल तर? त्या तोंडाने म्हणणार नाहीत.

आठवडाभराने एका रात्री गाणे संपले आणि मी दुसरे शोधू लागले. पलंगावरून हाक आली. मी पटकन उठले. "काय हवंय आई? बाथरूमला जायचंय का?"

"नाही गं. ते मघाचंच पुन्हा लाव."

मी चकित झाले. हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावू लागले, तर त्यांनी हात आडवा केला. म्हणाल्या, "नको, मला असंच बरं वाटतं. आमच्या वाड्यात रेडिओ एकाच बिऱ्हाडी होता. १९५५ साली पुण्याच्या आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, ते मी भिंतीपलीकडूनच ऐकलं, वर्षभर. अगदी एवढंच ऐकू यायचं."

मी तेच गाणे पुन्हा लावले.