छिनीचा घाव

उन्हाळ्यात उजनीचं पाणी हटत गेलं की इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. आधी शिखर, मग मंडप, मग भेगाळलेला गाळ. त्या गाळावर माणसं हिंडतात. निम्म्यांची नजर खाली. गुप्तधनाची ओढ आपल्याकडे जुनीच, आता तिच्या हाती मेटल डिटेक्टर आलाय एवढंच.

बारामतीत ओळखीच्या सराफांच्या पेढीवर असंच एक ‘रोमन’ नाणं बघायला मिळालं. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला सम्राट टायबेरियस, दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेली स्त्री. हा छाप भारतात भरपूर सापडतो, म्हणून नकला करणाऱ्यांचाही लाडका. सराफांनी ते तराजूत टाकलं. खरा चांदीचा देनारियस पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरतो. हे पाचाच्या वर गेलं. मग भिंगाखाली कड धरली, तर सगळीकडून फिरलेली बारीक शिवण. ठोकून पाडलेल्या नाण्याला ती नसते, ओतीवाला असते. अक्षरंही झिजल्या साबणावरच्यासारखी बुळबुळीत.

“याचं काय येईल?” आणणाऱ्यानं विचारलं.

“चहाचे पैसे सुटले तरी बघा, दादा.”

खरी नाणी मात्र फार लांब नव्हती. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात दारफळला १८४० साली रोमन मोहरा निघाल्या. पैठणचा, तेरचा माल गाड्यांवरून भडोचला जाई आणि तिथं पश्चिमेकडची जहाजं सोन्याचांदीची नाणी उतरवत. आज असं काही हाती लागलं, तर १८७८चा कायदा सांगतो: दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. दहा रुपयांचं हसू येतं खरं. पण नाणं कुठल्या थरात, कुठल्या खापराशेजारी होतं, हे घाईनं उकरणाऱ्यानं एकदा पुसलं की कुठलाही तज्ज्ञ ते परत लिहू शकत नाही.

तमिळनाडूत पुदुकोट्टईला १८९८ साली ५०१ रोमन मोहरा सापडल्या. बहुतेकींवर सम्राटाच्या चेहऱ्यावरूनच छिनीचा घाव. कुणी म्हणतं, चलनातून बाद करायला. कुणी म्हणतं, आतला धातू तपासायला. संग्राहक अशा नाण्याला कमी भाव देतात. मी जास्त देईन. चेहरा रोमचा असेल, पण त्या मोहरेवर इथल्या माणसाच्या हातचं तेवढंच आहे.

सराफांना हे सांगितलं, तर ते हसले. “कापून बघितल्याशिवाय मोडीचं सोनं आम्ही आजही घेत नाही.”