शेवटचं पान कुठलं?

उर्दू वही उजवीकडून उघडते, मराठी वही डावीकडून. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मी दोन्ही भाषा शिकवते. तपासायला आलेल्या दोन वह्या एकाच बाजूने चाळायला लागले, तर एकीत आधी कालचा गृहपाठ भेटतो आणि दुसरीत जूनमधला पहिला धडा. हे मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे. तरीही हीच चूक मी संगणकावर केली, आणि तिची शिक्षा एका सातवीतल्या मुलीने भोगली.

माझं शिक्षण बी.एड. संगणक शिकले ती घरी, भाच्याला विचारत विचारत. पीएचपी आणि मायएसक्यूएल वापरून शाळेसाठी एक छोटं वेब अ‍ॅप केलं: मुलाचं नाव, पालकांचा फोन नंबर, तारीख. आमच्याकडे पालकांचे नंबर सारखे बदलतात. जुना नंबर पुसायचा नाही, नवी ओळ वाढवायची आणि पडद्यावर ताजा नंबर दाखवायचा, असं ठरवलं. क्वेरी सोपी होती: त्या मुलाच्या ओळी घे, तारखेप्रमाणे उतरत्या क्रमाने लाव, वरची एक दे. ऑर्डर बाय, डेस्क, लिमिट एक. जून महिनाभर सगळं ठीक चाललं.

जुलैमध्ये ती मुलगी तापाने फणफणली. मी पडद्यावरचा नंबर लावला. कुणा अनोळखी माणसाने उचलला आणि ‘राँग नंबर’ म्हणून ठेवला. दुसऱ्यांदा लावला तर तो चिडला. पोर दोन तास स्टाफरूमच्या बाकावर पडून होती. शेवटी शिपाई सायकल घेऊन तिच्या मोहल्ल्यात गेला. आई धावत आली. आधी लेकीच्या कपाळाला हात लावला, मग मला म्हणाली, ‘टीचर, नंबर तो मैं खुद आके लिखाई थी ना?’

खरंच लिहून दिला होता. कामावरची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आली होती. नोंदही मीच केली होती.

रात्री टेबल उघडलं. दोन ओळी होत्या: जुना नंबर २७-०६-२०२४, नवा नंबर ०९-०७-२०२४. आपण लिहितो तशीच दिवस-महिना-वर्ष तारीख ठेवता यावी म्हणून मी तो रकाना मजकुराचा, म्हणजे व्हारकॅर केला होता. मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते. ‘२’ आणि ‘०’ यांत ‘२’ मोठा. निकाल तिथेच लागला. महिन्यापर्यंत गोष्ट पोचलीच नाही. संगणकाच्या लेखी जूनची सत्तावीस तारीख जुलैच्या नऊनंतर आली. जूनमध्ये चूक दिसली नाही, कारण तेव्हा सगळ्या नोंदी एकाच महिन्यातल्या होत्या.

रकाना डेट प्रकारचा केला. जुन्या तारखा ‘स्ट्र टू डेट’ने बदलून घेतल्या. आता तारीख वर्ष-महिना-दिवस अशी राहते आणि क्रम बरोबर लागतो.

भाच्याने सुचवलं, ‘खाला, तारीख सोडा, आयडी बघा. मोठा आयडी म्हणजे नवी नोंद.’ पटलं होतं. मग आठवलं, मागच्या वर्षीचं रजिस्टर मी ऑगस्टमध्ये भरणार होते. तेव्हा वर्षभरापूर्वीच्या नंबरांना सगळ्यात मोठे आयडी मिळाले असते. नोंद कधी केली आणि माहिती कधीची, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून दोन रकाने ठेवले. क्रम माहितीच्या तारखेने. तारीख सारखी असेल तेव्हाच आयडी. क्रम सांगितलाच नाही, तर टेबल कुठल्याही क्रमाने ओळी देऊ शकतं. त्याच्या पोटात ‘शेवटचं पान’ नसतं.

पूर्ण वर्गाची यादी काढताना आणखी एक अडचण आली. लिमिट एक दिलं की अख्ख्या वर्गाची मिळून एकच ओळ येते. मला तर प्रत्येक मुलाची ताजी ओळ हवी होती. त्यासाठी मायएसक्यूएल ८ मधलं ‘रो नंबर’ कामी आलं: पार्टिशन बाय लावून प्रत्येक मुलाचा वेगळा गट करायचा, गटात ताज्या ओळीला एक नंबर द्यायचा आणि फक्त एक नंबरच्या ओळी घ्यायच्या. हजेरी तुकडीवार घेतो, तसंच.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर आलेला नंबर लावून पाहिला. पहिल्याच रिंगला तिने उचलला. आवाज घाबरलेला. ‘क्या हुआ टीचर?’

‘कुछ नहीं. लगता है के नहीं, देख रही थी.’

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘लगा ना?’