उसनं कुंकू

पणजी, तुझा फोटो नाही.

तुझा आवाज ऐकलेलं माणूस आता गावात उरलेलं नाही. तुझी वाकळ विरली. तुझं जातं कुणी नेलं. सोप्यात तू बसायचीस ती जागा वाटण्यांत भिंतीखाली गेली. वंशावळीत तुझ्या नवऱ्याचं नाव आहे, मुलाचं आहे, नातवांची आहेत. तू नाहीस.

तरी शोधते आहे तुला.

तुझा नवरा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेला, एवढं घराला ठाऊक होतं. 103, 110, 117 असे आकडे होते तिकडच्या मराठा पलटणींना. कुत-अल-अमारा नावाच्या गावाला टायग्रिस तीन बाजूंनी वळसा घालते. डिसेंबर 1915 मध्ये तिथे वेढा पडला. 147 दिवस. पीठ सरत आलं, घोडी-खेचरं कापली जाऊ लागली, आणि आपल्यातले कितीतरी जण बरेच दिवस त्या मांसाला शिवले नाहीत. 29 एप्रिल 1916 ला शरणागती.

त्या दिवसांतच कधीतरी तो विझला.

आणि तू?

तो टायग्रिसच्या गाळात मिसळून गेला होता, आणि तू इकडे रोज उठून मेणावर बोट टेकवून कपाळी कुंकू लावत होतीस, वडाला सूत गुंडाळत होतीस, हळदीकुंकवाला पुढे होऊन ओटी भरून घेत होतीस, पेरणीला बैल कुणाचे मागायचे याची चिंता करत होतीस, लेकराला सांगत होतीस की तुझा बा पेरणी झाली की येईल, गौरी-गणपतीला येईल, दसऱ्याला तरी येईलच, आणि माथ्यावर ऊन तेच होतं, चांदणंही तेच होतं, पण त्या उजेडात त्याची सावली मात्र पृथ्वीच्या पाठीवर कुठंच पडत नव्हती, आणि हे तुला सांगायला कुणी नव्हतं.

त्या महिन्यांत तू कोण होतीस, पणजी?

सवाशीण? विधवा?

ते कुंकू कुणाचं होतं?

मग कागद आला. कुणीतरी वाचून दाखवला. बांगड्या फुटल्या. देह नव्हता, राख नव्हती, म्हणून दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. गवत ते. कितीसं जळणार? तेवढ्याशा धुरात तुला आपला माणूस गेला असं मानायचं होतं.

बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली गेली. आपल्याकडच्या साध्या शिपायांचे नुसते आकडे. तो तिथं एक आकडा. तू इथं कोरी जागा.

असे किती संसार. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंग्यातले 46 जण त्या महायुद्धातून परतले नाहीत. त्या उंबऱ्यांवर संध्याकाळ कशी उतरत असेल? दिवा लावताना वाटेकडे नजर जाणार. वाट रिकामी. रोज. वर्षानुवर्षं.

आणि मग तू सापडलीस.

जुन्या फेरफाराच्या नोंदीत, मोडीत. जमीन मुलाच्या नावावर चढली होती. अज्ञान, पालनकर्ती आई, आणि पुढे तुझं नाव. खाली निशाणी, डाव्या हाताचा अंगठा. शाई जरा जास्तच लागलेली. मधल्या रेघा बुजल्या आहेत, कडेच्या स्पष्ट आहेत, आणि त्यांना छेदून गेलेली एक बारीक पांढरी चीर. विळा लागला असेल कधीतरी. तुझ्या अख्ख्या देहातलं एवढंच उरलं. बोटभर.

पितृपक्षातली अविधवा नवमी तुझी नव्हे. नवऱ्याच्या आधी गेलेल्यांची ती. तू सर्वपित्रीला, साऱ्यांच्या गर्दीत. दर म्हाळाला भटजी विचारायचे, पणजीचं नाव? घर गप्प व्हायचं. तर्पणात आई वसुरूपा, आजी रुद्ररूपा, पणजी आदित्यरूपा. सूर्याचं रूप तुझ्या वाट्याचं, आणि हाक मारायला नाव नाही.

यंदा भाऊ पाटावर बसला. भटजींनी विचारलं. नाव मी सांगितलं, मागून, मोठ्यानं. भावानं ते उच्चारलं आणि पाणी सोडलं.

ज्या घरानं तुझं नाव टाकलं, ते घर तुझ्याच अंगठ्यावर तगलं होतं. आम्ही सगळे तुझे आहोत, पणजी.